गावाचे कार्बन उत्सर्जन कमी करायचे तर पहिला हात कुठे घालावा?

जांभाचिरा (राजापूर तालुका)

नमस्कार मंडळी,

आमच्या ग्रामपंचायतीने राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ या पर्यावरण अभियानाच्या निमित्ताने गावाचा पर्यावरण आराखडा करायला घेतला असून त्याचा मसुदा लिहिण्याचे काम आम्हा चार-पाच जणांवर सोपवले आहे. अशा आराखड्यांत सहसा काय असते ते आपण सर्व जाणताच: पावसाळ्यात वृक्षारोपण, शाळेत निबंध स्पर्धा, बाजाराच्या दिवशी कापडी पिशव्यांचे वाटप. ही कामे करू नयेत असे मी म्हणत नाही. परंतु मागच्या ग्रामसभेत एका तरुणाने उभे राहून विचारले की या सगळ्याने हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड नेमका किती कमी होणार, तेव्हा समोर बसलेल्यांपैकी कोणालाही उत्तर देता आले नाही.

त्याच सभेत एका ज्येष्ठ गृहस्थांनी वेगळा मुद्दा मांडला. भारतात माणशी वर्षाला साधारण 2 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या घरात आहे. मग कोकणातल्या एका गावाने एवढा विचार कशासाठी करायचा, असे त्यांचे म्हणणे होते. या प्रश्नातला अन्याय मला पूर्ण मान्य आहे. तरीही 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ वादळ किनाऱ्यावर आले, पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ येऊन गेले आणि त्यानंतर दोन महिन्यांत चिपळूण पाण्याखाली गेले, हे पाहिलेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. एखादे वादळ किंवा एखादा पूर केवळ तापमानवाढीमुळेच आला असे म्हणता येत नसले, तरी अरबी समुद्र तापत चालला आहे आणि तापलेल्या पाण्यावर वादळे लवकर बळावतात, एवढे तर आता स्पष्ट आहे.

आमचे गाव कोकणातल्या इतर गावांसारखेच आहे. एका अंगाला खाडी, वर सडा (कातळाचे उघडे पठार), मध्ये उतारावर वाड्या. हापूस आणि काजूच्या बागा आहेत, थोडी भातशेती आहे, गुरे पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाली आहेत, पाच-सहा होड्या आहेत आणि निम्म्याहून अधिक घरे गणपती आणि मे महिना सोडला तर बंद असतात. निधी बेताचाच आहे. म्हणून माझा प्रश्न असा आहे की, अशा गावाने मर्यादित पैशात आणि मर्यादित माणसांच्या बळावर कोणते काम आधी करावे आणि कोणते मागाहून? शक्य असेल तिथे आकडे द्यावेत, म्हणजे ते ग्रामसभेपुढे ठेवता येतील.

---

कांदळ (दापोली तालुका)

आपण क्रम विचारलात हे फार बरे केलेत, कारण आपल्याकडे चुकतो तो क्रमच. माझे मत थोडक्यात सांगतो आणि मग त्याची कारणे देतो: नवे काही लावण्याच्या आधी गावात जे उभे आहे ते तुटणार नाही आणि जळणार नाही याची व्यवस्था आराखड्यात पहिल्या पानावर यावी.

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनक्षेत्र अगदी थोडे आहे. आपल्याला डोंगरउतारावर जे हिरवे दिसते ते बहुतेक मालकी रान असते, आणि दरवर्षी पावसाळा संपला की त्यातले काही ठेकेदाराला उभेच्या उभे विकले जाते. या तोडीचा हिशेब मांडून पाहा. ओल्या लाकडात साधारण निम्मे पाणी धरले, तर दहा टन लाकडाच्या एका ट्रकमध्ये पाच टन कोरडे लाकूड असते. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी सुमारे निम्मा भाग कार्बन असतो, आणि एक टन कार्बन जळला की त्यापासून 3.67 टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे रानातून निघालेला एक ट्रक भट्टीत जळून गेला की हवेत सुमारे नऊ टन कार्बन डायऑक्साइड जातो. एखाद्या हंगामात आपल्या गावाच्या वळणावरून असे किती ट्रक जातात ते ग्रामसभेतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तेवढाच कार्बन नव्या रोपांनी परत साठवायचा म्हटले तर कित्येक वर्षे जातील, आणि तीही ती रोपे जगली तर.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ऐन, किंजळ, जांभूळ यांसारखी झाडे तोडल्यानंतर बुंध्यातून पुन्हा फुटतात, त्यामुळे तोड झाली म्हणजे रान कायमचे गेले असे नव्हे. बुंधे राखले, गुरे आवरली आणि आग लागू दिली नाही, तर दहा-पंधरा वर्षांत तेथे पुन्हा सावली होते. खरे नुकसान होते ते तोडीनंतर जेसीबी लावून मुळे उपटली जातात आणि सगळा उतार एकाच पिकाखाली जातो तेव्हा. मग पहिल्याच पावसात माती खाली येते, आणि त्या मातीतही पुष्कळ कार्बन साठलेला असतो.

मालक रान का विकतो, याचा विचार केल्याशिवाय केवळ ठराव करून काही होणार नाही. घरात आजारपण आलेले असते, मुलीचे लग्न असते किंवा सातबाऱ्यावर इतकी नावे चढलेली असतात की वर्षानुवर्षे त्या जमिनीचा कोणालाच उपयोग होत नाही, आणि मग ठेकेदार रोख रक्कम घेऊन आला की सर्व सहहिस्सेदार एका दिवसात सह्या करतात. यावर मला दिसणारा मार्ग असा: ज्या रानातून झरा येतो किंवा ज्याच्या खाली वाडी आहे, ती रानेच आधी निवडावीत, त्यांच्या सहहिस्सेदारांना गणपतीत एकत्र बसवावे (कारण एरवी ते एकत्र भेटत नाहीत) आणि निदान तेवढ्या रानात सरसकट तोडीऐवजी निवडक तोड आणि बुंधा राखणे यावर लेखी संमती घ्यावी. रातांबे, हिरडा, करवंदे, मध यांतून मिळणारे उत्पन्न ठेकेदाराच्या रकमेएवढे एकदम येत नाही, हे मान्य करूनच त्यांच्याशी बोलावे.

दुसरी गोष्ट वणव्यांची. नुसते गवत जळाले तर त्यातला कार्बन पुढच्या पावसात उगवणारे गवत बहुतांशी परत घेते, म्हणून गवताच्या वणव्याला मी उत्सर्जनाचा मोठा आकडा लावणार नाही. परंतु आग गवतावर थांबत नाही. ती बुंध्यातून फुटलेले कोंब मारते, आंबा-काजूच्या कलमांना झळ देते आणि पानोळा (गळून पडलेला पाला) जाळून माती उघडी करते. ज्या उतारावर दरवर्षी वणवा जातो तेथे रान कधीच वर येत नाही, ही त्यातली मुख्य हानी आहे. त्यावरचा उपाय स्वस्त आहे. गवत पिवळे पडू लागले की, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, रस्त्याच्या दोन्ही कडांना, वीजवाहिन्यांच्या खाली आणि बागांच्या हद्दीवर काही हात रुंदीचा पट्टा साफ करून जाळरेषा काढायची आणि कापलेले गवत कलमांच्या बुडाशी आच्छादन म्हणून टाकायचे. हे काम फेब्रुवारीत करायला घेतले तर त्याचा उपयोग होत नाही, कारण तोवर पहिला वणवा येऊन गेलेला असतो.

सड्यावर वृक्षारोपण मात्र करू नये अशी कळकळीची विनंती आहे. सडा ओसाड दिसतो, पण पावसाळ्यात तेथे उगवणारी गवते आणि रानफुले हीच त्या कातळाची मूळ वनस्पतिसृष्टी आहे, आणि आपल्या राजापूर तालुक्यात तर त्याच कातळावर कातळशिल्पे आहेत. कातळ फोडून खड्डे करायचे, बाहेरून माती आणायची आणि उन्हाळ्यात टँकरने पाणी घालायचे, यात जेवढे डिझेल जळते तेवढा कार्बन तरी ती रोपे साठवतील का, हा प्रश्न विचारला पाहिजे.

शेवटी खाडीकाठाविषयी. तिवर, चिप्पी, कांदळ या खारफुटीच्या झाडांच्या मुळांखालच्या चिखलात हवा पोहोचत नाही, त्यामुळे तेथे गाडला गेलेला पाला कुजून हवेत न जाता शतकानुशतके साठून राहतो. झाडांपेक्षा त्या चिखलातला साठा कितीतरी मोठा असतो, आणि बांध घालून तो वाळवला की हवा लागून तो बाहेर पडू लागतो. राज्याच्या वनविभागात 2012 पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. कांदळवन राखून खेकडापालन किंवा कालवपालन करू पाहणाऱ्या गटांना त्या कक्षाच्या प्रतिष्ठानामार्फत साहाय्य मिळते, आणि वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर महिला बचत गटाने कांदळवनाची होडीतून सफर सुरू करून त्यातून उत्पन्न उभे केले आहे. आपल्या गावात खाडी आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

---

पोफळी (चिपळूण)

कांदळ यांच्या हिशेबाला विजेच्या बाजूने जोड देतो. कोकणात तीन किलोवॅटचा सौर संच पावसाळा धरूनही वर्षाला चार हजार युनिटच्या आसपास वीज देतो. देशाच्या वीजजाळ्यातल्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलोपेक्षा थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे असा संच वर्षाला पावणेतीन-तीन टन उत्सर्जन टाळतो. त्यांच्या एका ट्रकची भरपाई करायला अशा संचाला तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून रान आधी, हे त्यांचे म्हणणे मला पटते.

आमच्या भागात एक गैरसमज नेहमी ऐकू येतो की कोयनेची वीज आपल्या दारात तयार होते, तेव्हा आपली वीज स्वच्छच आहे. कोयना प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॅट आहे हे खरे, परंतु ती वीज मुख्यतः मागणी वाढलेल्या वेळी वापरली जाते आणि सगळी एकाच जाळ्यात जाते. राज्यात वापरल्या जाणाऱ्या विजेचा मोठा भाग अजूनही कोळशापासून येतो. आपल्या घरात वाचलेले युनिट हे त्या कोळशातूनच वाचते असे धरावे.

ग्रामपंचायतीने सर्वांत आधी स्वतःची वर्षभराची वीजबिले एका वहीत उतरवून काढावीत. बहुतेक गावांत असे दिसते की नळपाणी योजनेचा पंप आणि रस्त्यावरचे दिवे यांतच बहुतेक रक्कम जाते. पंपाच्या बाबतीत सौर संचाआधी गळती पाहावी. नदीकाठच्या विहिरीतून पाणी वरच्या टाकीपर्यंत चढवायला वीज लागते, आणि त्यातले काही पाणी जर वाटेतल्या फुटक्या जोडांतून पऱ्ह्यात (ओढ्यात) जात असेल, तर तेवढी वीजही पऱ्ह्यातच जाते. ज्या वाडीच्या वरच्या अंगाला बारमाही झरा आहे, तेथे पाइप टाकून उताराने पाणी आणणे हा सर्वांत उत्तम उपाय आहे, कारण त्याला वीजच लागत नाही, आणि झरा टिकण्यासाठी वरचे रान टिकणे आवश्यक आहे हे ग्रामसभेला सांगण्याचीही तीच योग्य जागा आहे. पाऊस थांबताच श्रमदानाने वनराई बंधारे घातले, तर एप्रिल-मेमधल्या टँकरच्या फेऱ्या कमी होतात.

घरगुती वापरात मला पंखे सर्वांत महत्त्वाचे वाटतात. आपल्या दमट हवेत पंखा जवळजवळ वर्षभर फिरतो. जुना पंखा सुमारे 75 वॅट घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा पंखा 30 वॅटच्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे वर्षाला सुमारे दोनशे युनिट, म्हणजे जवळपास 140 किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. शाळा, अंगणवाडी आणि ग्रामपंचायत कार्यालय येथून सुरुवात करता येईल.

ज्याकडे अजून फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही अशी एक बाब सांगतो. किनाऱ्यावर घरगुती निवास आणि रिसॉर्ट वाढले तसे एसी वाढले. खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटची कॉइल लवकर गंजते आणि गॅस गळू लागतो. एसीत भरला जाणारा आर-410ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट उष्णता धरून ठेवतो, आणि दीड टनाच्या एसीत तो साधारण किलोभर असतो. म्हणजे एका एसीतला सगळा गॅस गळून गेला की दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते, आणि मूळ प्रश्नात दिलेल्या आकड्याशी ताडून पाहिले तर ते एका भारतीयाचे पूर्ण वर्षाचे उत्सर्जन आहे. आर-32 गॅसचा हाच आकडा सुमारे 675 पट आहे, आणि प्रोपेनवर म्हणजे आर-290 वर चालणाऱ्या यंत्रांचा तर नगण्य आहे. ज्यांना एसी घ्यायचाच आहे त्यांनी कॉइलवर गंजरोधक लेप असलेला घ्यावा, आणि दरवर्षी नुसता गॅस भरून देणाऱ्या कारागिराकडून गळती शोधून बंद करून घेतल्याशिवाय गॅस भरू नये. तालुक्यातल्या एसी दुरुस्ती करणाऱ्यांना एकत्र बोलावून हे सांगितले तरी बराच उपयोग होईल.

---

माजघर (कुडाळ)

पोफळी यांनी विजेबद्दल लिहिले, मी स्वयंपाकघर आणि गोठा यांबद्दल लिहिते.

सिंधुदुर्गात बायोगॅस घरोघर पोहोचवण्याचे मोठे काम झाले आहे. आमच्या शेजारच्या झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाचे त्यात पुष्कळ श्रम आहेत, आणि जांभाचिरा, आपल्या समितीने एकदा येऊन ते काम पाहावे असे मी सुचवेन. महिन्याला एक सिलिंडर लागणाऱ्या घराला रोज साधारण एक घनमीटर गॅस पुरतो आणि त्यासाठी पंचवीस किलोच्या आसपास शेण लागते. आपली गावठी गुरे अंगाने लहान असतात, म्हणून दोन-तीन गुरांचा गोठा हवा. 14.2 किलोचा एक सिलिंडर जळला की सुमारे 42 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वर्षाचे बारा सिलिंडर वाचले तर अर्धा टन वाचतो. शिवाय उकिरड्यात ओले शेण खोलवर कुजले की त्यातून मिथेन निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट घातक आहे, तोही चुलीत जळून जातो. कोकणात थंडी कडक नसल्यामुळे घाटावरच्याप्रमाणे हिवाळ्यात गॅस फारसा कमी होत नाही, ही आपली सोय आहे.

परंतु एक काळजी घ्यावी लागते. घुमटाला भेग पडली किंवा नळीचा जोड सैल राहिला तर तोच मिथेन न जळता हवेत जातो, आणि मग बायोगॅस बांधून उलट हानीच होते. गुरे विकली गेल्यावर तसेच पडून राहिलेले संयंत्रही मी पाहिले आहेत. म्हणून संख्येचे लक्ष्य ठेवून सरसकट वाटप करण्यापेक्षा ज्या घरात गुरे टिकणार आहेत आणि शेण काढायला माणूस आहे, त्याच घरांत ते बांधावे, आणि गावातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला दुरुस्तीचे शिक्षण देऊन ठेवावे.

अंघोळीच्या पाण्याबद्दलही लिहायला हवे. आपल्याकडे न्हाणीघरातल्या चुलीवर झावळ्या, नारळाची सोडणे (वरची साले) आणि करवंट्या जाळून पाणी तापवण्याची पद्धत आहे. आता घराची दुरुस्ती निघाली की ती चूल काढून गीझर बसवला जातो. माडाची झावळ आपोआप पडते आणि माड पुन्हा नवी झावळ धरतो. तिच्याऐवजी कोळशावर तयार झालेली वीज वापरणे यात कोणतीही प्रगती नाही. धुराचा त्रास खरा आहे आणि तो बायकांच्याच वाट्याला येतो, म्हणून चुलीला चांगले धुराडे किंवा सुधारित चूल द्यावी. ज्यांच्याकडे माड नाहीत त्यांनी सौर बंब बसवावा, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी चूल ठेवावी.

कचऱ्याविषयी वेंगुर्ले नगरपरिषदेचे काम पाहण्यासारखे आहे. तेथे घरातच कचरा वेगळा केला जातो, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस होतो आणि प्लॅस्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरले जाते. गावात यंत्रांची गरज नाही. प्रत्येक परसात खतखड्डा असला आणि सुकी पाने जाळण्याऐवजी माडाच्या आळ्यात टाकली तरी पुरे.

---

गिरणगाव (मुंबई, मूळ गाव लांजा तालुका)

आपल्या गावातली निम्मी घरे बंद असतात, असे आपण लिहिलेत. त्या बंद घरांचे मालक आमच्यासारखे चाकरमानी आहेत, आणि आराखड्यात आमचेही उत्सर्जन धरले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मुंबईहून राजापूरपर्यंत रस्त्याने चारशे किलोमीटर धरू. लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी पेट्रोल गाडी जाताना सुमारे 27 लिटर जाळते, आणि लिटरला 2.3 किलोप्रमाणे एका फेरीत साठ किलोहून अधिक, म्हणजे जाऊन येऊन सव्वाशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. गाडीत चार माणसे असली तर तो चौघांत वाटला जातो, पण अलीकडे एका घरातून दोन गाड्या निघतात. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झाले, त्यामुळे रेल्वेने येणाऱ्या माणसामागचे उत्सर्जन गाडीच्या तुलनेत अगदीच थोडे असते.

मग माणसे रेल्वेने का येत नाहीत? गणपतीचे आरक्षण मिळत नाही, हे एक कारण झाले. दुसरे कारण गावाच्या हातातले आहे. आपली बहुतेक रेल्वे स्थानके गावांपासून लांब, डोंगरात आहेत. पहाटे सामान आणि लहान मुले घेऊन उतरलेल्या कुटुंबाला तेथून वाडीपर्यंत जायला एसटी नसते आणि रिक्षाचे भाडे परवडत नाही, म्हणून पुढच्या वर्षी ते कुटुंब गाडीच काढते. दोन-तीन ग्रामपंचायतींनी मिळून मोठ्या सणांच्या दिवसांत गाड्यांच्या वेळा धरून स्थानक ते वाडी अशी ठरावीक भाड्याची सहा आसनी रिक्षा किंवा मिनीबस ठेवली, आणि त्याची वेळ वाडीच्या मुंबई मंडळाला महिनाभर आधी कळवली, तर अनेक जण रेल्वेकडे वळतील. दापोलीहून गुहागरला जाताना दाभोळ-धोपावे फेरीबोट जशी मोठा वळसा वाचवते, तशी खाडीपलीकडे नेणारी होडी (तर) आपल्या गावात बंद पडली असेल तर तीही सुरू करण्याचा विचार व्हावा.

घरांबद्दलही एक विनंती आहे. चिऱ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेली आजोबांची घरे पाडून त्या जागी स्लॅबचे बंगले उभे राहत आहेत. पन्नास किलो सिमेंटच्या एका गोणीमागे सुमारे तीस किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि एका बंगल्याला शेकडो गोण्या लागतात. लोखंडाचे उत्सर्जन त्याहून वेगळे. वर्षातले थोडेच दिवस राहण्यासाठी एवढे करणे, आणि मग स्लॅब तापतो म्हणून एसी लावणे, याचा आम्ही चाकरमान्यांनी पुन्हा विचार केला पाहिजे. वासे बदलून, कौले परतून आणि आतून न्हाणीघर सुधारून जुने घर अजून पन्नास वर्षे उभे राहू शकते, फक्त ते काम जाणणारे सुतार आणि गवंडी आता कमी उरले आहेत.

---

वल्हे (मालवण)

होड्यांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. मासे कमी झाल्यामुळे नौका अधिक लांब जातात आणि डिझेल अधिक जाळतात. लिटरमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. यांत्रिक नौकेचा वेग जरासा वाढवला तरी इंधनाचा खर्च त्याच्या कितीतरी पट वाढतो, म्हणून परतताना लिलावाची घाई नसेल तेव्हा वेग थोडा कमी ठेवणे, आणि 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात नौका ओढल्यावर तळाला चिकटलेली शिंपले-शेवाळे नीट खरवडून रंग लावणे, या दोन गोष्टींनी डिझेल वाचते आणि तो पैसा नाखव्याच्याच खिशात राहतो.

प्रखर दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली आहे. तिची चर्चा नेहमी मासळीच्या नाशापुरती होते, परंतु त्या दिव्यांसाठी नौकेवर जनित्र रात्रभर चालते आणि ते डिझेलवरच चालते. बंदीची अंमलबजावणी झाली तर मासळीही वाचेल आणि उत्सर्जनही. आपल्या गावातल्या लहान होड्यांसाठी चांगल्या बर्फपेट्या घेण्यास ग्रामपंचायतीने मदत केली, तर बर्फ अर्ध्यावर वितळून वाया जाणार नाही. बर्फाच्या कारखान्याला वीज फार लागते.

---

जांभाचिरा (राजापूर तालुका)

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल समितीच्या वतीने मनापासून आभार मानतो. आपली उत्तरे मुद्रित करून मी काल समितीच्या बैठकीत वाचून दाखवली. मसुद्यात पहिल्या क्रमांकावर झऱ्याच्या वरचे रान आणि नोव्हेंबरमधली जाळरेषा, दुसऱ्या क्रमांकावर नळपाणी योजनेची गळती आणि पंखे, आणि तिसऱ्या क्रमांकावर स्थानक ते वाडी वाहन, असे घ्यायचे ठरले आहे. सड्यावरच्या वृक्षारोपणाचा प्रस्ताव मागे घेतला. बायोगॅसयोग्य गोठ्यांची यादी करण्याचे काम बचत गटाच्या ताईंनी स्वतःहून मागून घेतले आहे, आणि झारापला जाण्याचेही त्यांनीच ठरवले.

पोफळी, आपल्याला एक शंका विचारतो. शाळेच्या छपरावर सौर संच बसवण्याची इच्छा अनेकांची आहे, पण छप्पर कौलारू आहे, समुद्र जवळ आहे आणि वादळाची भीती आहे. अशा ठिकाणी तो बसवावा का?

---

पोफळी (चिपळूण)

कौलांवर बसवू नये. वासे आणि रिपा कौलांच्या वजनाच्या हिशेबाने घातलेल्या असतात, वाऱ्याच्या उचलीच्या नव्हे. शिवाय कौले फुटली की पावसाळ्यात वर्गात पाणी येईल आणि दुरुस्तीसाठी दरवेळी संच उतरवावा लागेल. किलोवॅटमागे साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, तेव्हा शाळेच्या आवारात सावली न पडणाऱ्या कोपऱ्यात काँक्रीटच्या पायावर जमिनीलगत ठेवता येईल, किंवा पाण्याच्या टाकीशेजारी पंपघराच्या स्लॅबवर ठेवता येईल.

सांगाडा ॲल्युमिनियमचा किंवा पूर्ण तयार झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या लोखंडाचा घ्यावा. जागेवर वेल्डिंग करून वर चंदेरी रंग फासलेला घेऊ नये, कारण समुद्राकाठी तो जोडांपाशी फार लवकर गंजतो. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचेच असावेत आणि दरवर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला ते एकदा आवळून घ्यावेत. सौर पाट्यांचा उतार कमी ठेवला तर वारा कमी धरला जातो. वीज कंपनीशी नेट मीटरिंगचा करार केला की एप्रिल-मेमध्ये शाळा बंद असताना तयार झालेली वीज खात्यात जमा राहते आणि पावसाळ्यातल्या महिन्यांत वापरता येते. हिशेबाचे वर्ष मार्चअखेर संपते, म्हणून संच एप्रिलच्या आत सुरू होईल असे पाहावे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे तीन किलोवॅटसाठीचे 78,000 रुपयांचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, ते शाळेला लागू होणार नाही. गावात बारमाही राहणाऱ्या आणि स्लॅबचे छप्पर असलेल्या घरांना मात्र ते मिळू शकेल, तेव्हा त्या घरांची यादी वेगळी करून ठेवा.